परण्याची गाडी

सूर्यवंशी सरांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी वाकायला लागायचं. नुसतं वाकूनही भागायचं नाही. पर्स अगोदर आत टाकायची, पदर आवरायचा, पाठ आत सरकवायची आणि मग पाय मागून ओढून घ्यायचे. पहिल्या दिवशी माझं डोकं वरच्या कडेला आपटलं तेव्हा सर समजावल्यासारखं म्हणाले, "तुमी उंच न्हाई मॅडम, गाडी खाली हाय." शाळेत सर पुस्तकातलं बोलायचे. गाडीत बसले की घरचं बोलायचे.

गंगाखेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि शाळा राणीसावरगावला. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी, आणि त्याच कॉलनीतले फड सर इतिहास. तिघेही सरांच्या गाडीनं जायचो-यायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते. बारावीनंतर माझं लग्न ठरत होतं, मी नाही म्हणाले, आणि त्या एका नाहीवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. म्हणूनच असेल, शिकलेल्या, कमावत्या माणसाला आपली एक गोष्ट आपल्या हातात ठेवता येत नाही हे बघितलं की मला राग येतो. सरांवरचा माझा अर्धा जीव रागाचा होता. उरलेला अर्धा मायेचा.

गाडी बाहेरून पाहिली तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही अशी. चार दारांची, पांढरी, जरा जुनीच. पण पुण्याच्या एका गॅरेजात एका पोरानं लॅपटॉप जोडून तिच्या इंजिनाचा मेंदू बदलला होता. सर त्याला ट्यूनिंग म्हणायचे. ताकद वाढली म्हणून क्लच जाड बसवला, टायर रुंद घातले, स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला टेकवली. सायलेन्सरला मात्र त्यांनी हात लावू दिला नव्हता. आवाज करणाऱ्या गाड्या त्यांना आवडायच्या नाहीत. त्यांच्या गाडीचा आवाज ओठ मिटून हसणाऱ्या माणसासारखा होता.

सकाळी आम्ही बसलो तरी गाडी हलायची नाही. तेल गरम व्हायला पाहिजे. फड सर घड्याळ बघायचे, मी पेपर चाळायचे, आणि सरांच्या मिसेस, सुनंदावहिनी, ओसरीवरून म्हणायच्या की आमच्या घरात चहा मागाहून उकळतो, आधी गाडीचं तेल. शाळेत पोचल्यावरही तेच. इंजिन चालू ठेवून सर तसेच बसून राहायचे, कारण आतलं काहीतरी पळून आलेलं असतं आणि त्याला दम टाकू द्यावा लागतो. नवीन शिपायाला वाटायचं, सर गाडीत बसून नामस्मरण करतात. त्यानं एकदा बाहेरून हात जोडले होते.

तो जाड क्लच दाबायला इतकी ताकद लागायची की दुसऱ्या कुणाला ती गाडी चालवताच यायची नाही. फड सरांनी एकदा हौसेनं प्रयत्न केला, गाडी उडी मारून बंद पडली आणि फड सर पाय चोळत उतरले. वहिनी सांगायच्या की सरांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झालीय, पायजमा शिवणाऱ्यानं विचारलं होतं. ही गोष्ट आम्ही हसण्यावारी नेली. पुढं सगळं अडकलं ते त्या क्लचपाशीच. गाडी मागायची म्हणजे सरांना मागायचं, असा त्याचा अर्थ होता.

आमचा रस्ता तुम्ही पाहिला असेल, नसेल तरी असा रस्ता पाहिला असेलच. प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक, कुणी कधी घातला ते सरकारलाही माहीत नसेल. सर ते सगळे नावानं ओळखायचे. सरपंचाचा, शाळेचा, म्हातारीचा. प्रत्येकावर गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक वेगळं चढवायचं, वेगळं उतरवायचं, तेव्हा कुठं पोट घासायचं नाही. तोवर मागं जीप, टमटम, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवत थांबलेले. सायकलवाले पुढं निघून जायचे. दसऱ्याच्या सुमारास लोक रस्त्यावर सोयाबीन पसरतात, तेव्हा सर उतरून शेतकऱ्याला विचारायचे की कुठून जाऊ. तो म्हणायचा, वरूनच जा की सर, मळणी होईल. सर जायचे नाहीत. शेंगांचा कचरा खाली अडकून पेट घेतो म्हणून ते रस्त्याच्या कडेनं, चिखलातून, गाडी जीव मुठीत धरून काढायचे.

मी एकदा विचारलं, मग सर, ही पळते कुठं?

"पळती की. जागा भेटली की पळती."

जागा म्हणजे गंगाखेड-परभणी रस्त्यावरचा सिमेंटचा सरळ पट्टा. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी लवकर सर एकटे तिकडं जायचे. परत आले की अंगणात गाडी पुसत बसायचे आणि त्या दिवशी वहिनींना भाजी निवडून द्यायचे. वहिनी म्हणायच्या, आज पळून आलेत, आज काहीबी सांगा. "घाई वेगळी अन् वेग वेगळा," हे त्यांचं वाक्य. गणितं भराभर सोडवून चुकणाऱ्या पोरांनाही ते हेच ऐकवायचे. घाई दुसऱ्यामुळं असते, वेग आपला असतो, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असायचं. नीट सांगता यायचं नाही, मग ते फळ्याकडं वळायचे.

आता परण्याचं सांगते. सरांचं गाव राणीसावरगावच्या पुढं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजत-गाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा, आता गाडी असते. आणि त्या गावात सूर्यवंश्यांच्या दोन पात्या, म्हणजे भावकीच्या दोन शाखा, थोरली आणि धाकटी. सर धाकट्या पातीचे. दोन्ही पात्यांचं कधी पटलं नाही. एकमेकांकडं जेवायला जायचे, पण जेवून आल्यावर मीठ कमी होतं म्हणायचे, असं नातं.

थोरल्या पातीतल्या शंकरकाकांच्या मुलाचं लग्न निघालं आणि शंकरकाका सरांना म्हणाले, तुझी गाडी परण्याला मिळाली तर बरं होईल. सरांना वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरल्या पातीनं काही मागितलं, हे द्यावं. त्यानं बरं होईल. ते हो म्हणाले. त्यांची चूक असेल तर ती एवढीच, आणि ती चूक भावकीत वाढलेला माणूसच करू शकतो. त्यांनी पहिला होकार परक्या पातीला दिला. त्या दिवसापासून स्वतःच्या पातीला नाही म्हणायचा त्यांचा हक्क संपला.

तो पहिला परण्या मी बघितला. मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं. गाडीला झेंडूच्या माळा चिकटपट्टीनं लावलेल्या. पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारे, आणि नाचणाऱ्यांना ज्या घरापुढं वाटेल त्या घरापुढं सगळं थांबणार. आता गाडी पळती असली की पुढून वारा लागतो आणि इंजिन थंड राहतं. माणसाच्या चालीनं चालली की तो वारा बंद. साध्या गाडीला ते सोसतं, सरांच्या गाडीला सोसत नव्हतं. आतमध्ये काय चाललं होतं ते फड सरांनी नंतर सांगितलं, ते नवरदेवाशेजारी बसले होते.

गुलाल आत येईल म्हणून काचा बंद. तापमानाचा काटा वर चाललेला. सरांनी हात पुढं करून एक बटण फिरवलं आणि आत गरम वाऱ्याचा झोत सुरू झाला. थंडीत लावायचा हीटर. नवरदेव सूट, फेटा आणि मुंडावळ्यांत बसलेला.

"दादा, एसी लावा की," तो म्हणाला.

"एसी लावला तर गाडी इथंच बसंल."

"मंग ह्ये काय लावलंय?"

"इंजिनाची गरमी आत ओढायलोय. ती बाहेर काढायला दुसरी वाट न्हाई. कळ काढ."

फड सर म्हणायचे की त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मुंबईच्या बादशहांना कैदेत टाकलं तर कसं वाटत असेल ते कळलं. मी म्हणायचे, मुंबईला बादशहा कधी होते. ते म्हणायचे, उष्णतेनं इतिहास विसरलो. नवरदेवाच्या कपाळावरचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. मारुतीपुढं तो उतरला तेव्हा चेहरा ओलाचिंब, डोळे लाल. बायांना वाटलं रडतोय. त्याची आत्या पदर डोळ्याला लावून म्हणाली की पोरगं लय हळवं हाय. सर उतरले नाहीत. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते, आणि शर्ट पाठीला असा चिकटला होता की आतल्या बनियनची शिवण मोजता आली असती.

गाडी बंद पडली नाही, एवढंच गावानं बघितलं. दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी परण्यात बंद पडायची आणि ढकलावी लागायची, तो अपशकुन मानायचे. ही पडली नाही. म्हणून ही शकुनाची ठरली.

पुढच्याच लग्नसराईत सूर्यवंश्यांच्या एका घरी बैठक बसली. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची माणसं बसतात, ती बैठक. तिथं मुलाकडच्यांनी आपणहून सांगितलं की नवरदेव आमच्या बालाच्या गाडीतून येणार. मुलीकडच्यांनी माना डोलावल्या. बाला म्हणजे आमचे सर, बालासाहेब. ते त्या बैठकीत नव्हतेच. त्यांना फोन आला तो तारीख सांगायला, विचारायला नाही. पुढं फोन असेच येत राहिले. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे एका पातीची बाजू घेतली. दोघांनाही द्यायची, म्हणजे सगळ्यांना द्यायची. सर एकदा म्हणाले की गाडी गॅरेजात आहे. गंगाखेडच्या बाजारात आलेल्या कुणीतरी घरापुढं गाडी उभी बघितली आणि संध्याकाळपर्यंत गावात कळलं की बाला खोटं बोलायला लागला. विकायचाही विचार झाला. लातूरचा एक माणूस बघून गेला, त्याला पसंत पडली. तर गावाहून निरोप, आता कशी विकता, तिच्यावर तीन घरच्या तारखा धरल्यात.

गाडीत बसून मी त्यांना म्हणायचे, सर, नाही म्हणायला शिका. एकदा म्हणा, पुढं सोपं जातं. ते तिरक्या गतिरोधकाकडं बघत म्हणायचे, "तुमचं वेगळं हाय मॅडम. तुमी न्हाई म्हणलात तवा एकट्या होतात."

मग माझ्या भावाचं लग्न निघालं. शाळेत सगळ्यांनी धरून चाललं होतं की मी गाडी मागणार. रोज त्याच गाडीत बसते, शेजारी राहते. मी मागितली नाही. एका संध्याकाळी सर स्वतः आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले, पाणी घेतलं, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवताना म्हणाले, "गाडी पाहिजे का मॅडम? मी घेऊन येतो. तुमच्या विहारापर्यंत."

सूर्यवंश्यांच्या परण्याची शकुनाची गाडी आमच्या गावाकडच्या वस्तीत येऊन उभी राहिली असती तर त्यांच्या गावात काय बोललं गेलं असतं, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी ते आले होते. आजवर त्यांची गाडी सगळ्यांनी नेली होती, त्यांनी आपण होऊन कुणाला दिली नव्हती. ही पहिलीच. माझ्या आईचे डोळे चमकलेले मला दिसले. मी सांगितलं, सर, गावाकडं आमचं विहार घराच्या पाठीमागंच आहे, तुमची गाडी वळवायलासुद्धा जागा नाही. ते हसले. मग बराच वेळ नुसते बसून राहिले, जायची घाई नसल्यासारखे. आई नंतर माझ्यावर रागावली. मी म्हणाले, सगळ्यांनी ओढलेल्या बैलाला आपण अजून एक नांगर कशाला लावायचा.

त्या आठवड्यात एका सकाळी आम्हा दोघांना परभणीला ट्रेनिंगला जायचं होतं. फड सर रजेवर होते. सिमेंटचा पट्टा लागला. पुढं रस्ता रिकामा, दोन्ही बाजूला तुरीची शेतं. सर म्हणाले, सीटचा पट्टा घट्ट करा. त्यांनी काही वेगळं केल्यासारखं दिसलं नाही, पण माझी पाठ सीटमध्ये गेली आणि तुरीच्या ओळी एकमेकांत मिसळल्या. आवाज अजूनही मिटल्या ओठांचाच. मला भीती वाटली नाही हे मला अजून नवल वाटतं. मी त्यांच्याकडं बघितलं. वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नात, कुठंही त्यांच्या कपाळावर दोन आठ्या असायच्या. त्या आठ्या नव्हत्या. लांब कुठंतरी एक म्हैस रस्त्याकडं निघालेली दिसली आणि ती रस्त्याला लागायच्या कितीतरी आधी गाडी पुन्हा सगळ्यांच्या गाडीसारखी चालायला लागली होती.

"ह्याच्यासाठी हाय ती," सर म्हणाले. "लग्नासाठी न्हाई."

मग त्यांनी दक्षिणेतलं एक सांगितलं. तिकडं एके ठिकाणी शर्यतीसाठी बांधलेला रस्ता आहे. गतिरोधक नाही, म्हैस नाही, समोरून कुणी येत नाही. नाव नोंदवलं की आपली स्वतःची गाडी घेऊन दिवसभर तिथं पळवता येते, कायद्यानं. शिकवायला माणूस असतो. सरांनी नाव नोंदवलं होतं. तारीख मिळाली होती.

त्यानंतरचे महिने सर वेगळेच होते. हेल्मेट घेतलं आणि घरी भावकीतल्या कुणाच्या नजरेला नको म्हणून स्टाफरूमच्या कपाटात, सूक्ष्मदर्शकांच्या शेजारी ठेवलं. फड सर रोज विचारायचे, गाडीला छप्पर असताना डोक्याला टोप कशाला, छप्परावर भरवसा नाही का. सर चिडायचे नाहीत. रजेचा अर्ज त्यांनी इतक्या आधी दिला की मुख्याध्यापकांना वाटलं लेकीचं लग्न आहे. वहिनीही जाणार होत्या. त्यांना गाडीत रस नव्हता, पण तिथून पुढं समुद्र जवळ आहे असं त्यांनी नकाशात बघून ठेवलं होतं. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

आणि मग नानांच्या नातवाची तारीख निघाली. नाना म्हणजे सरांचे सख्खे चुलते, धाकट्या पातीतले सगळ्यांत थोरले. सरांचे वडील लवकर गेले, नानांनीच सरांना शिकवलं होतं. तारीख नेमकी तीच. सरांनी फोनवर सांगितलं, मला त्या दिवशी जमणार नाही. मला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं, क्लच सोडता सोडता, आणि मी मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. अशी थाप मी भावाशिवाय कुणाला मारलेली नाही.

त्या रविवारी नाना आले. आमच्या आणि सरांच्या ओसऱ्यांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती, मी तिथंच कपडे वाळत घालत होते. नाना खुर्चीवर बसले, काठी मांडीवर आडवी. वहिनींनी तांब्या आणि फुलपात्र आणून पुढच्या स्टुलावर ठेवलं. नानांनी तिकडं बघितलं नाही. उन्हातून, एसटीनं आलेला म्हातारा माणूस, त्यानं पाण्याला हात लावला नाही. माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. ज्या घराशी संबंध ठेवायचा नाही त्या घरचं पाणी घेत नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

नाना चढ्या आवाजात बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सावकाश बोलत होते.

"तू जा बाला. खुशाल जा. मी भांडायला न्हाई आलो."

सर म्हणाले की परभणीहून चांगली मोठी गाडी सांगतो, फुलंबिलं सगळं मी बघतो.

"गाडी काय, कुठलीबी भेटंल. गाडीसाठी कशाला यीन मी येवढ्या लांब." नानांनी काठीची मूठ चोळली. "शंकरच्या पोराच्या पुढं तू बसलास. थोरल्या पातीच्या पोराच्या पुढं. माझ्या नातवाच्या पुढं न्हाई बसणार. येवढंच हाय ते, दुसरं काय न्हाई."

गाडी अंगणात उभी होती, नुकतीच पुसलेली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या सरांकडं बघत नव्हत्या, फुलपात्राकडं बघत होत्या.

"पाणी घ्या नाना," सर म्हणाले.

"तहान न्हाई मला."

मी भिंतीच्या अलीकडून मनातल्या मनात म्हणत होते, सर, गप्प बसा, नुसतं गप्प बसा, म्हातारा उठून जाईल, चार महिने बोलणार नाही, मग बोलेल. सरांनी वाकून फुलपात्र उचललं, स्वतःच्या हातानं नानांपुढं धरलं आणि म्हणाले, "यीन मी. बसतो पुढं. आता तरी घ्या."

नाना ते पाणी एका दमात प्याले. दुसरं मागून प्याले. तहान खरंच लागली होती. मग ते वहिनींना म्हणाले, सूनबाई, भाकरी टाक, आणि जेवताना इतके हसले-बोलले की भिंतीच्या अलीकडं माझ्या आईलाही हसू आलं. वहिनी वाढत होत्या. समुद्राचं नाव त्यांनी पुन्हा माझ्यापाशी काढलं नाही.

हेल्मेट काही दिवसांनी फड सरांच्या मोटरसायकलवर दिसलं.

मला वाटलं, सर आता गाडी विकतील किंवा फोडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाडी अंगणात ठोकळ्यांवर चढवली आणि काम काढलं. आखूड स्प्रिंगा काढून उंच घातल्या. जाड क्लच काढून साधा बसवला. पुण्याच्या त्या पोराकडं जाऊन इंजिनाला त्याचा जुना मेंदू परत दिला. पुढं मोठा रेडिएटर आणि दोन जादा पंखे लावले, उभ्या गाडीलाही थंड ठेवतील असे. जितक्या निगुतीनं त्यांनी ती पळण्यासाठी तयार केली होती, तितक्याच निगुतीनं त्यांनी ती चालीसाठी तयार केली. प्रत्येक नट हातानं पुसून लावत होते. मी भिंतीपाशी उभी राहून म्हणाले, सर, हे काय करताय.

"जे काम तिला हाय, त्या कामाची करायलोय," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

"पण आता साधा क्लच झाला. आता कुणीबी चालवू शकतं. चावी देऊन टाका त्यांना. तुम्ही कशाला बसता?"

त्यांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग म्हणाले, "नानांनी गाडी कुठं मागितली होती, मॅडम."

त्यानंतर आम्ही गतिरोधक सरळ ओलांडायला लागलो. मागं कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. वाकावंही लागत नव्हतं. सकाळी बसलो की गाडी लगेच निघायची. फड सर खूश होते. रविवारी सकाळी गाडी अंगणातच असायची, आणि वहिनी भाजी एकट्या निवडायच्या.

वर्षभरानं माझी बदली जिंतूरकडं झाली, येलदरीच्या जवळच्या एका गावी. निरोप समारंभात सरांनी माझ्याबद्दल पुस्तकी मराठीत भाषण केलं आणि एकही खरी गोष्ट सांगितली नाही. मी रागावले नाही.

शेवटचं त्यांना बघितलं ते याच उन्हाळ्यात, त्यांच्याच गावात. माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न होतं, नवरा सूर्यवंश्यांचाच. तिला भेटून, अक्षता टाकायला न थांबता मी निघाले, कारण गंगाखेडची एसटी धरायची होती आणि तिथून जिंतूरपर्यंत पुन्हा दोन गाड्या बदलायच्या होत्या. गल्लीत परण्या लागला. गाडीवर माळा, पुढं बँड, काचा बंद. गाडी शांत, थंड, घरंगळल्यासारखी चालली होती. एका घरापुढं सगळं थांबलं. घरातल्या म्हातारीनं ताट आणून नवरदेवाला ओवाळलं, आणि मग वळसा घालून पुढच्या खिडकीपाशी आली. काच खाली झाली. सरांनी डोकं बाहेर काढलं. तिनं त्यांनाही कुंकू लावलं, गळ्यात टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली. नवरदेवासारखा त्यांचाही मान. त्यांनी दोन्ही हात जोडले. टोपी जरा मोठी होती, ती त्यांनी सारखी केली.

तेव्हा त्यांना मी दिसले. "मॅडम," ते म्हणाले, "बसा की. सोडतो."

"कुठपर्यंत, सर?"

त्यांनी पुढं बघितलं. पुढं पोरं नाचत होती, त्यांच्या पुढं बँडवाले, बँडवाल्यांच्या पुढं गल्लीच्या टोकाला मारुती. ते हसले. आठ्या तशाच होत्या. कुणीतरी बॉनेटवर थाप मारली, काच वर गेली, आणि गाडी पुन्हा हलली.

स्टँड त्याच बाजूला होता. मी नाचणाऱ्यांच्या कडेनं वाट काढत गाडीच्या पुढं निघाले, बँडच्या पुढं निघाले. मी काही भरभर चालत नव्हते, हातात आहेराची पिशवी होती आणि ऊनही होतं. मारुतीपाशी पोचून मागं बघितलं तर परण्या म्हातारीच्या शेजारच्याच घरापुढं पुन्हा थांबलेला होता. मी वळले आणि स्टँडकडं चालायला लागले.